मला बाबा लागतात

"थांबवा! बाबा, थांबवा!"

बाबांनी गाडी थांबवली. मी दार ढकललं, दोन पावलं पळाले आणि यवतेश्वरच्या घाटातल्या चौथ्या वळणावर उभ्या असलेल्या एका बिचाऱ्या घाणेरीच्या झुडपाला सकाळचे सगळे पोहे अर्पण केले.

मागून पेनाचा खट्ट आवाज आला. मग बाबांचा.

"वळण क्रमांक चार."

"अहो, आधी पाणी द्या तिला," आई म्हणाली. "लिहा मग."

तेव्हा मी सहावीत होते. आणि साताऱ्यात, निदान आमच्या गल्लीत, 'गाडी लागणारी मुलगी' म्हणून माझी ख्याती होती. कुणाला एसटी लागते, कुणाला बंद काचा लागतात. मला सरसकट सगळं लागायचं. जत्रेतला पाळणा नुसता बघूनही मला लागला होता एकदा.

पण त्या शनिवारची गाडी आमची नव्हती. ती शोरूमची होती. पांढरी, उंच, भली मोठी. मी तिचं नाव हत्ती ठेवलं होतं. पुढच्या सीटवर शोरूमच्या मुलाणी मॅडम बसल्या होत्या. त्यांनी उतरून आधी सीटकडे बघितलं, मग मॅटकडे, आणि मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

"साहेब," त्या बाबांना म्हणाल्या, "आमची टेस्ट ड्राइव्ह पोवई नाक्यापर्यंत असते. घाटात कुणी नेत नाही."

"पोवई नाक्यावर तिला काही होत नाही ना. मग चाचणी कसली?" बाबा म्हणाले.

बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत तपासणी विभागात आहेत. दिवसभर ते लोखंडी भाग मोजतात आणि केसाएवढा फरक निघाला तरी परत पाठवतात. घरीसुद्धा त्यांची एक वही असायची. त्या मार्चमध्ये तिच्यात तीन रकाने होते, तीन गाड्यांचे. वर लिहिलं होतं, 'ऋजुता. पहिली उलटी. वळण क्र.'

कारण आमची लीज संपत होती.

हे लीज प्रकरण मला फार उशिरा कळलं. गाडी आमच्या दारात उभी असायची, पण आमची नव्हती. बाबांच्या कंपनीने ती चार वर्षांसाठी घेऊन दिलेली, चार वर्षं झाली की परत द्यायची आणि दुसरी निवडायची. लहानपणी मला वाटायचं, लीज ही कुणीतरी बाई आहे. कारण घरात सारखं ऐकू यायचं, "लीजची गाडी आहे, पाय वर घेऊ नकोस. लीजची गाडी आहे, बिस्किटं खाऊ नकोस." मग ती लीजबाई माझ्या डोळ्यांपुढे यायची. पांढरी साडी, मोठं कुंकू, हातात ओला फडका. चार वर्षांनी येऊन सीटवर बोट फिरवणार आणि म्हणणार, कोणी सांडलं हे?

तर लीजबाई एकतीस मार्चला येणार होत्या. नव्या गाडीचं नाव कंपनीला नऊ दिवसांनी येणाऱ्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आणि सहा मेला विश्राममामाचं लग्न होतं.

आईचं माहेर घाटाखाली, चिपळूणच्या अलीकडे. तिथे जायचं तर कुंभार्ली घाट उतरावा लागतो. मी तो पाच वर्षांची असताना एकदा उतरले होते आणि खाली पोचल्यावर मला सलाइन लावावं लागलं होतं. तेव्हापासून ठरूनच गेलं. चिपळूणला जायचं असलं की आई एकटी एसटीने जायची आणि मला गोडोलीला मालूआत्याकडे ठेवायचे. बारशाला आत्याकडे. सत्यनारायणाला आत्याकडे. आण्णा, म्हणजे आईचे वडील गेले, तेव्हाही मी मालूआत्याच्या पलंगावर बसून साबुदाणा निवडत होते.

आता लग्न. मामाने फोनवर सांगितलं होतं, "करवली पाहिजे मला. ऋजूशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, लिहून घे ताई."

आणि बाबांनी जाहीर केलं होतं, "यवतेश्वर जिच्यात निभेल, ती गाडी घ्यायची. नाहीच निभला तर ऋजू मालूताईकडे."

म्हणून वही.

दुसरी गाडी रविवारी. लाल, अणकुचीदार, पुढून रागावल्यासारखी. तिचं नाव टोळ. मुलाणी मॅडमनी या वेळी चार प्लास्टिकच्या पिशव्या आणि पुदिन्याच्या गोळ्या आणल्या होत्या.

"हे बघ बाळा, गोळी जिभेखाली धरायची आणि लांब बघायचं," त्या म्हणाल्या. "माझी बहीण असंच करायची."

"मग लागायची नाही का त्यांना?"

"लागायची. पण तोंडाला वास छान यायचा."

मी लांब कधी बघितलंच नव्हतं. ज्याला गाडी लागते त्याला घाट दिसत नाही. तो डोळे मिटून बसतो. माझ्यासाठी घाट म्हणजे पापण्यांच्या आतला तांबूस अंधार होता. वळण आलं की ऊन उजव्या पापणीवरून डाव्या पापणीवर सरकायचं, कुणीतरी पडदा ओढल्यासारखं. मग मी स्वतःला गोष्टी सांगायचे. मी एका घागरीत आहे. घागर एका बाईच्या डोक्यावर आहे. ती बाई डोंगर चढते आहे, तिला कुणीतरी हाक मारतं, ती वळून बघते आणि आतलं सगळं पाणी डचमळतं. मी त्या पाण्याच्या तळाशी. वरून बाबांचे आवाज यायचे, पाण्यातून आल्यासारखे. सहा. सहा झालं. शाबास, ऋजू. सात.

"थांबवा!"

खट्ट.

"वळण सात. प्रगती आहे," बाबा म्हणाले.

"नाश्ता दिला नव्हता आज, म्हणून," आई म्हणाली.

घरी येताना बाबा म्हणाले, "वैजू, मालूताईला सांगून ठेवायला हवं. ऐन वेळी नको."

आई काचेतून बाहेर बघत होती. "अजून एक गाडी आहे ना," ती म्हणाली.

तिसरी गाडी त्याच्या पुढच्या शनिवारी. ही राखाडी. निळसर राखाडी, पारव्याच्या मानेसारखी, उन्हात रंग बदलणारी. म्हणून पारवा. मला ती पाहताक्षणी आवडली आणि मी मनात तिला विनवलं, पारव्या, तू तरी.

समर्थ मंदिर मागे पडलं. घाट सुरू होण्याच्या जरा अलीकडे एक रसवंती आहे, तिथे बाबांचा फोन वाजला. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि "हां... कधीपासून?... अरे, थांबवलीच कशाला लाइन?" असं सुरू झालं. कंपनीत काहीतरी अडलं होतं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मुलाणी मॅडमनी घड्याळ बघितलं.

"साहेब, बाराला दुसरं गिऱ्हाईक आहे माझं."

वर घाटात रेंज जाते. बाबांनी एक हात फोनवर ठेवला आणि उतरलेच. "मॅडम, तुम्ही नेऊन आणा हिला. मी इथे थांबतो. ऋजू, ही घे वही. प्रामाणिकपणे लिहायचं."

आणि रसवंतीच्या बाकड्यावर पाठ करून बसले.

मुलाणी मॅडम त्यांच्या दारातून उतरून पलीकडे निघाल्या, तर तिथे आई उभी. ती माझ्या शेजारून कधी उतरली मला कळलंच नाही.

"मी चालवू?" आई म्हणाली.

"तुम्ही? येते?"

"येत होती."

"लायसन्स?"

आईने पर्सच्या आतल्या कप्प्यातून लायसन्स काढलं. त्या कप्प्यात देवाचा अंगारा आणि माझ्या पहिल्या दाताची पुडी असते एवढंच मला माहीत होतं. फोटोत आईला दोन वेण्या होत्या. मुलाणी मॅडमनी फोटो बघितला, आईकडे बघितलं, मग रसवंतीकडे.

"वहिनी, घाट आहे हं."

"तेच तर," आई म्हणाली.

तिने चपला काढून सीटखाली सारल्या. सीट पुढे घेतली, आरसा खाली केला. पहिल्यांदा गाडी दोन धक्के खाऊन बंद पडली. मी वही पोटाशी घट्ट धरली, डोळे मिटले आणि घागरीत उतरायला लागले.

"उजवं. मोठं," आई म्हणाली.

आणि मग गाडी उजवीकडे वळली.

"सरळ. आता डावं, आखडतं. पोट सांभाळा."

मग गाडी डावीकडे वळली.

मी डोळे उघडले, कारण आई कुणाशी बोलते आहे ते मला बघायचं होतं. ती कुणाशीच बोलत नव्हती. समोर बघत होती. तो आवाजही तिचा रोजचा नव्हता. रोज ती 'डबा घेतलास का' म्हणते तो आवाज वेगळा. हा खालच्या पट्टीतला, अंगाईच्या जवळचा.

"डावं, लांबट. मग लगेच उजवं."

मुलाणी मॅडमनाही राहवलं नाही. "वहिनी, हे कुणाला सांगताय?"

आई हसली. "सवय. आमच्या आण्णांची जीप होती, वडाप. चिपळूण ते कोयना, माणसं भरून. मी बारावी झाल्यावर मला शिकवली. ते असे तुमच्या जागी बसायचे. पावसाळ्यात कुंभार्लीत पुढचं चाक दिसत नाही, एवढं धुकं. तर वळणं पाठ करून घ्यायचे माझ्याकडून. आणि मोठ्याने म्हणायला लावायचे... उजवं, छोटं... म्हणायचे, आपल्याला ठाऊक असतं गं, मागच्या माणसांना ठाऊक नसतं. त्यांच्या पोटाला आधी कळवायचं, मग वळायचं."

"इथलीही पाठ आहेत?"

"नाही हो. इथली बघून सांगतेय. डावं, मोठं."

आणि काय झालं सांगू? माझं अंग आधीच डावीकडे कललं. कुणी न सांगता. आईने उजवं म्हटलं की माझा खांदा उजवीकडे जायचा आणि मागून गाडी यायची, जशी नाचात जोडीदारीण एका तालाने मागे असते तशी. मी वळत होते आणि गाडी माझ्यामागे येत होती. घागर नव्हती. पाणी नव्हतं. मी होते, काठोकाठ, आणि हिंदकळत नव्हते.

आणि खिडकीत जग होतं!

मी साताऱ्यात जन्मले. तरी अजिंक्यतारा असा वरून, खांद्याला खांदा लावून, मी कधी पाहिला नव्हता. खाली आमचं शहर धुरकट उन्हात तरंगत होतं, जणू अजून कुणी ते नक्की केलेलं नाही. कुठल्या तरी पत्र्यावर ऊन चमकलं आणि विझलं. कड्यावर एक पांगारा, पान एकही नाही, नुसता लाल. तो एका वळणाला डाव्या काचेत होता, पुढच्या वळणाला उजव्या काचेत, मग आरशात, मग पायाखाली. आम्ही त्याच्याभोवती घिरट्या घालत वर चाललो होतो. मला वाटलं, आम्ही चालत नाही आहोत, डोंगरच हळूहळू कूस बदलतो आहे आणि आई त्याला सांगते आहे, आता या कुशीवर हो. आता त्या.

"ऋजू," आईचा आवाज. "काय गं? थांबवू?"

"नको," मी म्हणाले. "थांबवू नकोस. कधीच थांबवू नकोस."

वर सपाटीला आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली. वारा होता. मुलाणी मॅडमनी पिशव्यांची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"वहिनी, एवढी वर्षं होतात कुठे?"

"शेजारच्या सीटवर," आई म्हणाली.

"खरंच, का नाही चालवत?"

आईने स्टिअरिंगवरची धूळ पदराने पुसली, नसलेली. "लग्न झाल्यावर जीप कुठली. मग ही लीजची आली. ओरखडा आला तर काय घ्या. आणि यांना आवडतं चालवायला. हात सुटला की सुटतो."

उतरतानाही तसंच. पण रसवंतीच्या आधीच्या शेवटच्या वळणाला आईने गाडी थांबवली, चपला घातल्या आणि मुलाणी मॅडमना म्हणाली, "आता तुम्ही बसा." मग मागे माझ्या शेजारी येऊन बसली. "ऋजू, बाबांना..." एवढंच म्हणाली आणि पुढचं वाक्य गिळलं. मी मान हलवली. काय कबूल केलं ते मला कळलं नव्हतं.

"किती?" बाबा धावत आले.

मी वही दिली. रकाना कोरा होता.

"लिहिलं नाहीस?"

"नाही झाली."

"चढताना?"

"नाही."

"उतरताना?"

"नाहीच झाली, बाबा."

बाबांनी खिशातून पेन काढलं आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'निरंक'. मग मला उचललं. सहावीतल्या मुलीला! भर रस्त्यात! "पारवा!" ते ओरडले. "सस्पेन्शन आहे हो मॅडम! मी म्हणत नव्हतो? सस्पेन्शन!"

मुलाणी मॅडम म्हणाल्या, "हो. सस्पेन्शन बरंय."

शोरूमपर्यंत बाबांनी चालवली. आनंदात होते, शीळ घालत होते. पहिल्या गतिरोधकाला माझ्या घशाशी आलं. पोवई नाक्याच्या उताराला त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, दाबला, आणि मी परत डोळे मिटले. पापण्यांच्या आत तो तांबूस अंधार होताच, माझी वाट बघत. तिथे बसल्या बसल्या मला सगळं कळलं, स्वप्नात कळतं तसं, एकदम आणि पूर्ण. पारवा येणार. लग्नाला जाताना बाबा पारवा चालवणार. मी कुंभार्लीच्या चौथ्या नाहीतर सातव्या वळणाला. आणि त्यानंतर परत कधीच कुणी चाचणी घेणार नाही.

शोरूममध्ये बाबा टेबलाशी बसले. समोर कंपनीचा लीजचा फॉर्म. मुलाणी मॅडमचे साहेबही आले होते, पेढे घेऊन.

"काय बाळ," ते साहेब म्हणाले, "ही गाडी लागली नाही म्हणे तुला?"

मी म्हणाले, "मला गाडी नाही लागत. मला बाबा लागतात."

साहेब केवढ्याने हसले. "वा! बघा, पोरीला गाडी नको, बाबा लागतात! नशीबवान आहात!"

आणि बाबांचे डोळे भरले. शपथेवर सांगते. केसाएवढा फरक परत पाठवणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तिला लहानपणापासून असंच आहे," ते म्हणाले. "झोपतानाही मीच लागायचो."

आता सांगा, अशा माणसाला कसं सांगायचं?

मी आईकडे बघितलं. आई फरशीकडे. मुलाणी मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, भुवया जरा वर करून.

बाबा फॉर्म भरायला लागले. वाचतही होते. "गाडीचा प्रकार. रंग. वाहन कोण चालवणार... कर्मचारी स्वतः, जोडीदार, अन्य." पेन 'स्वतः'वर गेलं.

"तिथे आईचं नाव लिहा."

हे कोण बोललं म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. मीच होते. माझा तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आता तो मला रोज लागतो, वादविवाद स्पर्धेत, मैदानावर, रिक्षावाल्याशी. पण त्या दिवशी तो कोरा करकरीत होता.

"काय?" बाबा म्हणाले.

"लागतात म्हणजे तसे नाही, बाबा. हवे असता तसे नाही. म्हणजे हवे असता. पण मी म्हणाले ते तसे नाही. उलटी होते तसे लागता."

साहेबांनी पेढ्याचा खोका हळूच मिटला.

"तुम्ही चालवली की लागतं. आईने चालवली तर नाही लागत. आज आईने चालवली. वर आणि खाली."

बाबांनी पेन खाली ठेवलं. अगदी सरळ, कागदाच्या कडेला समांतर.

"वैजू?"

"हो," आई म्हणाली.

"घाटात?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"कुठे सांगणार?" आई म्हणाली. "तुम्ही चालवत होतात."

फॉर्म तसाच अर्धा ठेवून आम्ही घरी आलो. दुपारभर बाबा गॅलरीत उभे राहून खालच्या आमच्या जुन्या गाडीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. मी माझी मालूआत्याकडची पिशवीसुद्धा मनात भरून ठेवली.

रविवारी सकाळी सहाला त्यांनी मला उठवलं. त्यांच्या हातात वही होती.

"चाचणी चुकीची होती," ते म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. मी गाड्या बदलत बसलो. चालवणारा तोच."

मग त्यांनी जुन्या गाडीची किल्ली आईपुढे धरली. लीजबाईंच्या गाडीची. जिच्यात मी चार वर्षं न चुकता ओकले होते, त्या गाडीची.

"अहो, परत द्यायचीय ती पंधरा दिवसांत. ओरखडा आला तर?"

"आला तर आला," बाबा म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात तोवर कुणी उच्चारलं नव्हतं.

बाबा मागे माझ्या शेजारी बसले. त्यांचे गुडघे कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. आई अनवाणी. "उजवं, मोठं," ती म्हणाली. सुरुवातीला लाजत, मग विसरून. बाबा रेघा ओढत होते, एका वळणाला एक. सातव्यानंतर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पांगारा दाखवला. दहाव्यानंतर त्यांनी वही मिटली.

वर सपाटीवर ते उतरून आईच्या खिडकीशी आले.

"माझं नेमकं काय चुकतं गं?"

"चुकत नाही काही. तुम्ही वळण आलं की वळता."

"मग कधी वळायचं?"

"आधी सांगून."

बाबांनी मान हलवली. मोजमाप पटल्यावर हलवतात तशी. मग म्हणाले, "म्हणजे गाडीचा प्रश्नच नव्हता. कुठलीही घेतली तरी चालेल."

"कुठलीही कशी?" आई म्हणाली. "मला चालवायचीय ना."

सोमवारी सकाळी ती शोरूममध्ये तिन्ही गाड्यांत जाऊन बसली. उभ्या गाड्यांत, चपला काढून, एकेकीत दहा मिनिटं. मुलाणी मॅडमनी चहा मागवला. मी पारव्यासाठी देव पाण्यात ठेवले होते. बाबाही पारव्याच्याच बाजूचे. ते मायलेज सांगत होते.

"पारव्यात बॉनेटचं टोक दिसत नाही मला," आई म्हणाली. "आणि हत्तीत पाय पोचत नाहीत."

म्हणजे टोळ! ती रागीट लाल! मी आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं, तपासणीत नापास झालेल्या दोन सुट्या भागांसारखं. आणि बाबांनी फॉर्मवर, 'जोडीदार'समोर, सुंदर अक्षरात लिहिलं, वैजयंती हेमंत फरांदे. टोळावर माझा राग दोन दिवस टिकला. आता मी दहावीत आहे, येत्या मार्चमध्ये तिची चार वर्षं संपतील, आणि तिला परत द्यायचा विषय निघाला की मीच तो बदलते.

चार मेला पहाटे आम्ही निघालो. उंब्रज, पाटण, कोयनानगर. मी पुढे, आईच्या शेजारी, आण्णांच्या जागी. बाबा मागे, आहेराच्या खोक्यांमध्ये, वरची कडी दोन्ही हातांनी धरून. चढ संपला आणि समोर कुंभार्लीची पाटी आली. आईने खिडकी खाली केली. वाऱ्याला करवंदांचा वास होता.

"पाठ आहेत का गं अजून?" बाबांनी विचारलं.

"डावं, सुतारणीचं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"इथे एका सुतारणीचं चहाचं दुकान होतं. आण्णांनी वळणांना नावं दिली होती. उजवं, रेडिओचं. इथे रेडिओ लागायचा. डावं, भांडणाचं."

"कुणाचं भांडण?"

"आई-आण्णांचं. दरवेळी इथेच."

मी वळत होते, गाडी माझ्यामागे येत होती. जांभ्याच्या भिंती जवळ येऊन बघून जात होत्या. झाडं खालून वर यायची, हात हलवायची, परत खाली जायची. सकाळ अजून पुरती उजाडली नव्हती आणि सगळं थोडं थोडं मागच्या जन्मातलं वाटत होतं, फक्त तो जन्म माझा नव्हता, आईचा होता, आणि ती मला त्यातून हळू हळू खाली नेत होती. उजवं, पायरीचं. डावं, केळीवाल्याचं. सरळ. सरळ.

मग एका ठिकाणी डोंगर बाजूला झाला. समोर अख्खं कोकण उघडं पडलं. निळं, त्यामागे फिकं निळं, त्यामागे नुसता उजेड. खूप खाली एका नदीचा तुकडा चकाकत होता आणि त्याच्या काठाला कौलं होती, बोटाच्या पेराएवढी.

मी आईकडे बघितलं. तिचे हात जागेवर होते, डोळे समोर होते, पण तिचे ओठ मिटलेले होते. हे वळण तिने सांगितलं नाही. ते येत होतं, जवळ येत होतं, आणि मागे बाबांच्या हातातली कडी करकरली.

रस्ता मला स्वच्छ दिसत होता.

"उजवं, आई," मी म्हणाले. "मोठं."

आणि आईने गाडी वळवली.